मांडीवरचे राजे

बडकस चौकात ऑटोवाल्याला ‘भोसल्यांच्या वाड्यावर’ म्हटलं, तर तो मान मागं वळवून विचारतो, ‘‘कोन्त्या जी? सीनियर का ज्युनिअर?’’ बाहेरगावच्या माणसाला वाटावं, हा कॉलेजातल्या वर्गांविषयी बोलतोय. पण नागपूरच्या महाल भागात या दोन शब्दांना वेगळं वजन आहे. थोरली पाती आणि धाकटी पाती यांचं हे इंग्रजी रूप नागपूरकरांच्या तोंडी इतकं बसलंय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला मात्र दर वेळी गंमत वाटते. गादी जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली, आणि रिक्षाचं मीटर पडायच्या आधी आपण अजून वारसाचाच निवाडा करतोय!

2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सोडवून महाराष्ट्रात आणली गेली. राज्य सरकारनं त्यासाठी 47 लाखांच्या वर रुपये मोजले. पातं सरळ, युरोपी घडणीचं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ‘फिरंग’. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत धन्याचं नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब. वर्तमानपत्रांनी रघुजींच्या बंगालवरच्या स्वाऱ्या पुन्हा एकदा सांगितल्या, आणि ते योग्यच झालं. मला मात्र तलवारीचा फोटो पाहताना रघुजी आठवले नाहीत. आठवला तो यशवंतराव अहिरराव नावाचा एक पोरगा. त्याच्या हाती तलवार आली असती तर तिच्यावर असाच किताब कोरला गेला असता. त्याचं वय अठरा-एकोणीस. 1853 च्या डिसेंबरात त्यानं एका राजाच्या चितेला अग्नी दिला. घरच्या बायकांच्या हिशेबी तो त्या दिवसापासून राजा होता, आणि कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबी कोणीच नव्हता.

राजपुत्रांच्या गोष्टी आपण आवडीनं वाचतो. स्पेनची लिओनोर 31 ऑक्टोबर 2023 ला अठरा वर्षांची झाली आणि त्याच दिवशी तिनं तिथल्या संसदेपुढं राज्यघटनेची शपथ घेतली. त्याच सुमारास ती पायदळ, नौदल, हवाईदल असं एकेक लष्करी शिक्षण घेऊ लागली. नेदरलँड्सची अमालिया 2022 मध्ये अॅमस्टरडॅमला शिकायला गेली. मैत्रिणींसोबत भाड्याच्या घरात राहायची तिची हौस महिन्या-दीड महिन्यातच संपली. तिच्या जिवाला धोका असल्याची खबर लागली आणि तिला घरी परतावं लागलं. पुढं तर काही काळ ती माद्रिदला राहून शिकली. या मुलींची धास्ती वेगळी असेल, पण एक गोष्ट त्यांच्या बाबतीत पक्की आहे. त्या वारस आहेत का, असं त्यांना कोणी विचारत नाही. नागपूरच्या वारसाला आयुष्यभर तेवढंच विचारलं गेलं.

नागपूरच्या गादीवर दत्तक ही काही नवलाई नव्हती. पहिल्या रघुजींनंतर गादीवर आलेल्या जानोजींना मूल नव्हतं. त्यांनी भावाचा, मुधोजीचा मुलगा मांडीवर घेतला, आणि तोच पुढं दुसरा रघुजी झाला. 1772 मध्ये जानोजी वारले तेव्हा हे दत्तकविधान भावाभावांतल्या भांडणात सापडलं. तीन वर्षांनी पाचगावच्या लढाईत मुधोजीच्या गोळीनं त्याचा भाऊ साबाजी पडला आणि मग पोराची गादी निर्धोक झाली. पाचगाव आज उमरेड रस्त्यावरचं गाव आहे. तिथून जाताना कुणाला हे सांगितलं तर ‘हो का?’ यापलीकडं काही ऐकू येत नाही. सांगायचा मुद्दा असा की यशवंतरावाला मांडीवर बसवलं तेव्हा राण्यांनी त्याचं नाव ठेवलं जानोजी. या घराण्यात दत्तकाचा पहिला दाखला ज्याच्यापासून सुरू झाला, त्याचंच हे नाव. राजवाड्यातल्या बायकांनी हे मुद्दाम केलं असणार, अशी माझी आपली समजूत आहे. कागद आपल्या बाजूनं बोलत नसेल, तर नावानं तरी बोलावं.

आणि नाव बदलायची ही पहिली खेप नव्हतीच. 1816 मध्ये दुसरे रघुजी गेले. त्यांचा मुलगा पारसोजी अपंग आणि दुबळा. 1817 च्या फेब्रुवारीत त्याचा खून झाला, आणि संशय आला तो चुलतभावावर, आप्पासाहेबांवर. आप्पासाहेब गादीवर बसले, वर्ष सरायच्या आत कंपनीशी भिडले, आणि त्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर हरले. पुढं कैद, कैदेतून पलायन, महादेवाच्या डोंगरात भटकंती आणि शेवटी जोधपूरला मृत्यू. कादंबरीला हवं ते सगळं त्यात आहे, पण तो विषय वेगळा. इथं पाहायचं ते त्यांच्या मागं मोकळ्या राहिलेल्या गादीकडं.

गादीला मुलगा हवा होता. दुसऱ्या रघुजींच्या लेकीला, बानूबाईला, दहाएक वर्षांचा पोर होता. त्याला बाजीबा म्हणत. राजवाड्यानं त्याला दत्तक घेतलं, रघुजी असं नाव दिलं, आणि 26 जून 1818 ला त्याला गादीवर बसवलं. कंपनीनं मान डोलावली. डोलावणारच! पोर लहान, म्हणजे कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सकडे. त्याच्या जोडीला राजवाड्यात देखरेखीला बसल्या बाकाबाई, दुसऱ्या रघुजींच्या विधवा राणी. 1826 पर्यंत हा मुलगा गादीवर बसलेला होता आणि राज्य दुसरे करत होते. राज्य कसं चालवायचं, हे जेंकिन्सनं 1827 मध्ये एका जाडजूड अहवालात लिहून ठेवलं. तो अहवाल नागपूरच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला आजही चुकत नाही. गादीवर बसून त्या पोराला काय वाटत होतं, हे मात्र त्यात कुठं नाही.

याच 1818 मध्ये युरोपात आणखी एक दत्तक राजा गादीवर आला. स्वीडनचा तेरावा कार्ल म्हातारा आणि निपुत्रिक होता. ऑगस्ट 1810 मध्ये स्वीडनच्या सभेनं नेपोलियनचा एक सेनापती वारस म्हणून निवडला. तो जाँ बर्नादोत, दक्षिण फ्रान्समधल्या पो गावच्या एका वकिलाचा मुलगा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राजानं त्याला रीतसर दत्तक घेतलं. त्याचं नाव बदलून कार्ल योहान ठेवलं, धर्मही बदलून घेतला. स्वीडिश भाषा त्याला अखेरपर्यंत धड आली नाही. ज्या राजाचा तो मुलगा झाला त्याच्याशी त्याच्या रक्ताचा थेंबभर संबंध नव्हता. फेब्रुवारी 1818 मध्ये तो राजा झाला, आमचा बाजीबा त्या जूनमध्ये. बर्नादोतचं घराणं आज दोनशे वर्षांनंतरही तिथं राज्य करतंय. 2012 मध्ये जन्मलेली एस्तेल ही मुलगी उद्याची वारस म्हणून शाळेत जाते.

स्वीडनची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मे 1979 मध्ये तिथल्या राजाला मुलगा झाला, कार्ल फिलिप. जन्मापासून तो युवराज. 1 जानेवारी 1980 ला नवा कायदा लागू झाला. थोरलं अपत्य वारस, मग मुलगा असो वा मुलगी. पाळण्यातल्या सात महिन्यांच्या पोराचं युवराजपद त्याच्या थोरल्या बहिणीकडं गेलं. वारस ही माणसाच्या अंगात असणारी गोष्ट नव्हे, कागदावर असते, हे याहून लख्ख कुठं दिसत नाही. कार्ल फिलिपला त्याचं काही वाटलं नाही. दात यायच्या वयात होता तो. यशवंतरावाला मिसरूड फुटलेलं होतं.

11 डिसेंबर 1853 ला तिसरे रघुजी वारले. रेसिडेंट होता चार्ल्स मॅन्सेल. त्याच्या पत्रांत राजाचं वर्णन येतं ते कुस्त्या, पत्ते, गाणंबजावणं आणि पतंग यांत रमलेला माणूस असं. नागपुरात संक्रांतीला पतंग उडवत नाही असं घर शोधावं लागेल. तेव्हा राजा पतंग उडवत होता, हा गुन्हा आम्हाला कधी कळला नाही. पण कलकत्त्यात तो पुरेसा होता. गव्हर्नर जनरल डलहौसीनं 28 जानेवारी 1854 ला लांबलचक मत लिहिलं. हे राज्य 1818 ला कंपनीनं जिंकून पुन्हा दान दिलेलं, म्हणून ते परत घेण्याचा हक्क कंपनीचा. राजानं स्वतः दत्तक घेतला नाही. आणि तो गेल्यावर राण्यांनी घेतलेला पुत्र गादीपुरता मान्य करायला आपण बांधील नाही.

यातला पहिला मुद्दा वाचताना थांबावं लागतं. 1818 चं दान ज्याला दिलं तो स्वतः दत्तक होता, तेही लेकीचा लेक. कंपनीनं त्याला राजा म्हणून पस्तीस वर्षं मानलं. दुसऱ्या दत्तकाला ती मानेना, कारण 1818 ला तिला एक पोर हवा होता आणि 1854 ला नको होता. शिवाय महाराष्ट्रात जो शास्त्रार्थ चालायचा, व्यवहारमयूखाचा, त्यात विधवेला नवऱ्याच्या हुकुमावाचून दत्तक घेता येतो. हे कंपनीच्याच मुंबईच्या न्यायालयांना ठाऊक होतं. डलहौसीच्या कौन्सिलात कर्नल लो यांनी विरोधी मत लिहून ठेवलं. पुढं मॅन्सेलही मवाळ झाला आणि त्याबद्दल त्याला वरून ऐकून घ्यावं लागलं. पण पारड्यात कापूस होता. विदर्भाच्या काळ्या मातीतला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना हवा होता, आणि डलहौसीनं ही गरज लपवून ठेवली नाही. मार्चमध्ये राज्य खालसा झालं. सुमारे 80,000 चौरस मैलांचा मुलूख, वर्षाला 40 लाखांचा वसूल आणि 40 लाखांहून जास्त माणसं.

तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूच्या तीनच आठवडे आधी झाशीत तिथले राजे गंगाधरराव वारले होते. मरणाच्या आदल्या दिवशी त्यांनी आनंदराव नावाच्या पाच वर्षांच्या पोराला मांडीवर घेतलं. त्यांचा तान्हा मुलगा गेला होता, त्याचंच नाव पोराला दिलं: दामोदरराव. म्हणजे एका महिन्यात दोन मराठी पोरांची नावं बदलली आणि दोघांचीही राज्यं गेली. दामोदररावाची गोष्ट आईच्या पाठीला बांधून घोड्यावरून गेली, म्हणून ती सगळ्यांना माहीत. जानोजीला पाठीवर घ्यायला घोडा नव्हता. होती ती सत्तरी ओलांडलेली एक बाई.

बाकाबाईंनी कोवळ्या वयापासून या वाड्यात काय काय पाहिलं होतं! नवऱ्याचं राज्य, पारसोजीचा खून, आप्पासाहेबांचं बंड, बाजीबाचं बालपण, त्याचं मरण. खालसा झाल्यावर राजवाड्याच्या सामानाची यादी करायला माणसं आली. जनावरं सीताबर्डीवर नेऊन विकली. हत्ती, घोडे, बैल, ज्यांच्या अंगावर दसऱ्याला झुली चढायच्या, ते खाटकाच्या भावानं गेले. बाहेर काढलेलं सामान पाहून म्हाताऱ्या बाकाबाईंनी, वाड्याला आग लावीन, अशी धमकी दिली, असं त्या काळचा इंग्रज इतिहासकार जॉन के लिहितो. के कंपनीच्याच बाजूचा माणूस, पण या प्रकरणाची त्याला लाज वाटली, हे त्याच्या लिहिण्यातून दिसतं. जडजवाहीर गेलं कलकत्त्याला, आणि 1855 मध्ये तिथं हॅमिल्टन कंपनीच्या दुकानी लिलाव झाला. आलेल्या पैशाचा ‘भोसला फंड’ काढला. घरचेच दागिने विकून घरच्यांचीच पेन्शन!

त्याच सुमारास पंजाबचा गादी गेलेला राजा दलीपसिंग इंग्लंडात होता. वयानं जानोजीहून तीनचार वर्षांनी लहान. तो व्हिक्टोरियाच्या दरबारात मानानं वावरत होता, आणि त्याचा कोहिनूर राणीकडं होता. राणीचा थोरला मुलगा एडवर्ड तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, शिक्षकांच्या वेळापत्रकात चिणलेला. त्यालाही पुढं गादीसाठी जवळजवळ साठी येईपर्यंत थांबावं लागलं, पण मिळणार हे ठरलेलं होतं.

1857 ला नागपूरचा हिशेब ठरला. 13 जूनच्या रात्री उठाव करायचा, आणि शहरातून आकाशदिवे सोडून इशारा द्यायचा असा बेत होता. तो फुटला. सीताबर्डीचा किल्ला इंग्रजांनी बंदोबस्तात घेतला, आणि दिलदार खान, इनायतुल्ला खान, विलायत खान, नवाब कादर खान यांना फाशी दिलं. महालातून मात्र कोणी उठलं नाही. बाकाबाईंनी नातलगांना सक्त ताकीद दिली होती, कंपनीविरुद्ध बोट उचलायचं नाही. हे भ्यालेपण होतं की हिशेब? मला हिशेब वाटतो. तिच्यापाशी एक वारस उरला होता, आणि एकदा फाशीचा दोर बाहेर आला की तो पोर आणि दोर यांत किती अंतर उरतं, हे तिनं चार राजे पाहून शिकून घेतलं होतं. पुढच्या वर्षी ती वारली. जे मिळवायचं होतं ते तिच्या मागं मिळालं. 1857 नंतर दत्तक नाकारायचं धोरण इंग्रजांनी गुंडाळलं. कॅनिंगच्या काळात जानोजीला मान्यता मिळाली, ‘राजाबहादूर’ हा किताब मिळाला आणि पेन्शनही.

पण किताब नागपूरचा नव्हे. देऊरचे राजाबहादूर. देऊर हे सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं गाव, भोसल्यांचं जुनं ठिकाण. नागपूर, वऱ्हाड, छत्तीसगड, ओरिसापर्यंत ज्यांचा अंमल होता त्यांना सव्वाशे वर्षांनी पुन्हा गावचं नाव मिळालं. राहायचं महालात आणि नाव साताऱ्याकडचं! 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. 1864 मध्ये भोसल्यांचा जुना दगडी राजवाडा जळाला. बाकाबाई हयात असत्या तर म्हणाल्या असत्या, मी तेव्हाच म्हणत होते. उरला तो नगारखान्याचा दरवाजा. पुढं 1 जानेवारी 1877 ला व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. त्याच दिवशी जमशेटजी टाटांची कापड गिरणी नागपुरात सुरू झाली आणि तिला नावही एम्प्रेस मिल. ज्या कापसावर एका पोराचं राज्य गेलं, तो आता नागपुरातच कातला जाऊ लागला. गिरणी बंद होऊन वीसेक वर्षं झाली. तिच्या जागेवर आता मॉल आहे, आणि तोही एम्प्रेसच्याच नावाचा. नागपूरकरांनी राणीला टिकवून ठेवलंय, राजाला नाही.

राजांची जी खूण नागपूरकरांनी ठेवलीय, ती बघायची तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारीत यावं. लहान पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळ्याला निघायच्या तयारीत असतात. हा तान्हा पोळाही रघुजी महाराजांनी सुरू केला, असं इथं मानतात. गल्ल्यांतून ढोल येतात. जगनाथ बुधवारीतून तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत, म्हणजे बांबू-कागदाचा बाईचा पुतळा, निघते, दुसरीकडून काळी. दोघी नेहरू पुतळ्यापाशी भेटतात, तेव्हा चेंगराचेंगरीत पायातली चप्पल हरवते, आणि ती हरवली नाही तर मारबत पाहिली असं कोणी मानत नाही. बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, मागून येतात: महागाईचा, भ्रष्टाचाराचा, कुठल्यातरी पुढाऱ्याचा.

बांबूच्या कामट्या, कागद, काळा रंग, लाल जीभ. काळी मारबत दोन मजली घरापेक्षा उंच वाटते, कारण ती माणसांच्या डोक्यांवरून येते. तिच्याबद्दल नागपुरात एकच गोष्ट सांगतात: ही बाकाबाई, इंग्रजांना मिळालेली राणी. एकशे चाळीसहून जास्त वर्षं शहर तिला गावाबाहेर नेऊन जाळतंय. तिनं ज्या पोराला जपलं त्याचा पुतळा नाही, त्याच्या नावाचा चौक कोणी सांगत नाही. तिला मात्र दरवर्षी नव्यानं घडवतात, सजवतात, आणि निघायच्या आधी काही दिवस तिची पूजाही करतात.

यंदा मी काळ्या मारबतीच्या बाजूनं उभा होतो. लोक ओरडत होते, ईडापीडा घेऊन जा गे मारबत. खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा. माझ्यापुढं एक बाई होती, कडेवर वर्षाचं पोर, कपाळाला काजळाचा मोठा ठिपका, कानात भोंग्याचा आवाज जाऊ नये म्हणून कापूस घातलेला. ओझेकरी दोन मिनिटं थांबले, तेव्हा गर्दीतून ती पुढं घुसली, पोराचं डोकं काळ्या कागदाच्या पदराला टेकवलं आणि मागं सरकली. पोर रडलं नाही. वर बघत राहिलं, आणि बाकाबाई पुढं निघाली.